पोटावर आपटणारा घोडा

चित्रांच्या कारखान्याच्या लांब भिंतीपुढे आबांनी पडदा लावला, त्या दिवसापासून घरात दोन तट पडले होते. एक तट पांढऱ्या घोड्याचा आणि दुसरा पांढरा सोडून कुठल्याही घोड्याचा. पहिल्याचे पुढारी थोरले दादा. दुसऱ्याच्या पुढारी त्यांच्याच पत्नी, घरातल्या मोठ्या सूनबाई. दोघं एकाच टेबलावर जेवत आणि एकमेकांना मीठ पुढे करतानाही आपला मुद्दा सोडत नसत.

धाकट्या सूनबाई कुठल्याच तटात नव्हत्या. त्या जनावरांच्या डॉक्टर, म्हणून घरात सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. हे नाव सासऱ्यांनीच, म्हणजे आबांनीच ठेवलेलं, आणि ते ठेवताना आबा किती रागात होते ते आता कुणी आठवून देत नसे. घोडा निवडायचा होता तो डॉक्टरीणबाईंच्याच होणाऱ्या जावयासाठी. शिंगरूचं लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं. शिंगरू म्हणजे डॉक्टरीणबाईंची एकुलती एक लेक. चालायला लागली तीच उड्या मारत, म्हणून आजोबांनी तिचं ते नाव पाडलं आणि ती आजोबांच्या हाताखाली कुंचला धरायला शिकली तरी ते सुटलं नाही.

या घरात लग्न करून जो येईल, सून असो की जावई, त्याचा एक घोडा त्या भिंतीवर काढायचा, हा आबांच्या वडिलांपासूनचा नेम. घर चित्रांवर जगत आलेलं. नाटकांचे पडदे, दुकानांच्या पाट्या, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत लावायची त्यांच्या वाडवडिलांची चित्रं. आबांचे वडील म्हणत, पोटासाठी माणसं रंगवायची आणि घरासाठी घोडे. माणसाचा चेहरा बघून माणूस कळत नाही, कारण चित्राला बसताना चेहरा तो सांभाळून बसलेला असतो. त्याच्याखालचा घोडा बघा. घोडा कुणाची भीड ठेवत नाही.

तर अशी ती घोड्यांची भिंत. सगळे घोडे रांगेनं घराच्या दाराकडे निघालेले. आबा पडद्याआड एकटे रंगवत, कुणाला आत फिरकू देत नसत. फक्त डोळा तेवढा कोरा ठेवत. डोळ्याच्या जागी पांढऱ्या अस्तराचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, नुसता ठिपका. मग एका रविवारी सगळ्यांना बोलवायचं, पडदा ओढायचा, नव्या माणसाला विचारायचं, "कसा आहे?" आणि त्यानं छान म्हटलं की सगळ्यांच्या देखत डोळा काढायचा. डोळा उघडला की माणूस घरचा झाला.

या भिंतीवर एकच घोडा आंधळा होता, आणि तो डॉक्टरीणबाईंचा होता.

त्याला आता जवळपास पंचवीस वर्षं झाली. डॉक्टरीणबाई तेव्हा परीक्षा देऊन ताज्या ताज्या डॉक्टर झालेल्या. घोड्याचं एकूण एक हाड तोंडपाठ. पडदा सरकला आणि समोर तांबडा घोडा चौखूर उधळलेला. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे ताणलेले, पोट गवताला टेकायच्या बेतात आणि आयाळ उडतेय. तसा घोडा आबांनी आधी कुणालाच काढला नव्हता. पुढे कळलं की महिनाभर ते झोपेतही त्याच्या पायांबद्दल बडबडत होते. आबांनी विचारलं, कसा आहे? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान आहे. पण असा घोडा धावला तर पोटावर आपटेल."

वाईट हेतू काडीचाही नव्हता. उलट त्यांना वाटलं, कलाकार माणसं आहेत, खरं सांगितलेलं आवडेल. आबांनी कुंचला पुसला, टर्पेंटाइनच्या डब्याऐवजी चुकून चहाच्या कपात घातला आणि म्हणाले, "मग आपटू दे." आणि निघून गेले.

त्यानंतर दोघंही हट्टाला पेटले. शब्द मागे घे, डोळा काढतो, असं आबा म्हणाले. पाय नीट करा, शब्द मागे घेते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आबांचं म्हणणं असं की शेकडो वर्षं देशोदेशीच्या चित्रकारांनी धावता घोडा असाच काढलाय. लढाया असोत, शिकारी असोत, शर्यती असोत. त्यातली निम्मी माणसं घोड्यावरच वाढली, घोड्यावरच मेली, त्यांना कुणाला हा घोडा खोटा वाटला नाही. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं की मग कॅमेरा आला, घोड्याच्या धावण्याचे एकापाठोपाठ एक फोटो निघाले आणि सगळ्यांच्या डोळ्यात अंजन पडलं. घोडा हवेत असतो तेव्हा चारी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. ताणलेले कधीच नसतात. यावर आबा म्हणाले, कॅमेऱ्यालाच सून करून आणायला हवं होतं.

गंमत अशी की या एका गोष्टीपलीकडे दोघांचं मेतकूट असं की सख्ख्या लेकांनी हेवा करावा. आबांचं ब्लडप्रेशर डॉक्टरीणबाईच बघत. घोड्यांच्या डॉक्टरनं तपासलेलं चालतं का, असं कुणी विचारलं तर आबा सांगत, मी फी भरत नाही, मला तक्रार करता येत नाही. संध्याकाळी पत्ते खेळायला दोघं कायम भागीदार. पण घरातला प्रत्येक फोटो त्या भिंतीपुढे निघायचा आणि प्रत्येक फोटोत घरच्या सुना आपापल्या घोड्यापुढे उभ्या राहायच्या. डॉक्टरीणबाई आंधळ्या घोड्यापुढे उभ्या राहून हसायच्या. लेक मोठी होताना एकदा तिनं विचारलं, आई, तुझा घोडा झोपलाय का? त्या हो म्हणाल्या. त्या दिवशी मात्र, घोडे तपासायला जात त्या तबेल्यातून घरी यायला त्यांनी मुद्दाम उशीर केला.

आणि आता आबांनी जाहीर केलं होतं की हा शेवटचा घोडा. हात थरथरायला लागून दोन वर्षं झाली होती. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. या रविवारी जावयाच्या, म्हणजे लिफ्टची कामं करणाऱ्या लिफ्टवाल्याच्या, घोड्याचा डोळा काढायचा आणि कुंचले शिंगरूच्या हवाली करायचे. म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या घोड्याला त्या दिवशी डोळा मिळाला तर मिळाला. शिंगरूनं काढला असता, पण तिच्या हातचा डोळा त्यांना नको होता. ज्यानं घोडा आंधळा ठेवला त्यानंच तो उघडायला हवा, नाहीतर इतकी वर्षं वाट कशाची बघितली? हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. नवऱ्याला अर्थात सगळं माहीत होतं.

* * *

रविवारी सकाळी सगळे कारखान्यात जमले. वरच्या काचांतून उजेड आला होता, जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास भरून राहिला होता. कुणी रंगाच्या रिकाम्या डब्यांवर बसलं, कुणी गुंडाळून ठेवलेल्या नाटकाच्या पडद्यावर. त्या पडद्यावर समुद्र रंगवलेला होता, त्यामुळे बसणाऱ्यांच्या पायाशी लाटा. डॉक्टरीणबाईंचा नवरा आईसाठी खुर्ची घेऊन आला. तो चित्रांच्या चौकटी करायचा. भांडणात कधी पडत नसे, पण दोन भांडणाऱ्यांच्या मधली जागा बरोबर मापून तिथे जाऊन बसत असे.

लिफ्टवाला नवा सदरा घालून आला होता. भिंतीजवळून चालताना तो जरा अंतर ठेवून चालत होता. त्याला घोड्यांची भीती वाटते हे शिंगरूनं आधीच घरात फोडलं होतं. चाळीस मजले वर लोंबकळत काम करणारा माणूस तबेल्याच्या फाटकातून आत पाऊल टाकत नाही, यावर सगळ्यांनी हसून घेतलं होतं आणि तोही हसला होता. डॉक्टरीणबाईंना तो त्याच दिवशी आवडला.

पडदा उघडायच्या आधी पंचायत बसायची, असा रिवाज होता. प्रत्येकानं नव्या माणसाला कोणता घोडा शोभेल ते सांगायचं. पडद्याआड घोडा काढून तयार असे, त्यामुळे या पंचायतीचा उपयोग शून्य आणि म्हणूनच तिला रंग चढे.

दादांनी पांढऱ्यापासून सुरुवात केली. जिंकून येणारा कुठल्याही चित्रात बघा, त्याच्याखाली पांढराच घोडा असतो, गर्दीत लांबून उठून दिसतो. जावई घरात येतोय, त्याला मानाचा घोडा हवा.

जाऊबाईंनी, म्हणजे मोठ्या सूनबाईंनी, नाक मुरडलं. "मानाचा? लढाईच्या चित्रांत कोपऱ्यात मान खाली घालून उभा असतो तो कुठला? पांढराच. पाठीवर खोगीर आणि खोगिरावर कुणी नाही. म्हणजे धनी पडला. माझ्या पुतणीच्या लग्नात तो घोडा मला नको."

"हा धनी पडलेला नाही, समोर बसलाय," दादा म्हणाले.

"आज बसलाय," जाऊबाई म्हणाल्या.

शिंगरूला निळा हवा होता. अलीकडच्या चित्रकारांनी घोडे निळे केले ते काही उगाच नाही, असं ती सांगू लागली. तो घोड्याचा रंग नव्हे, मनाचा रंग. लिफ्टवाल्यानं हळूच विचारलं की निळा घोडा चावतो का. डॉक्टरीणबाईंच्या चौकटवाल्या नवऱ्यानं ओझं ओढणारा घोडा सुचवला. राजेरजवाड्यांना वाहणारे घोडे चित्रांत खूप झाले, पण मान खाली घालून गाडा ओढणाऱ्याकडे बघितलं की माणसाला आपला दिवस आठवतो. हाही दिवसभर लोकांना वर ओढतच असतो की. लिफ्टवाल्याला ते फार पटलं. तो म्हणाला, "आणि तो उभा असला तरी चालेल. एका जागी."

मग आईंची पाळी आली. सासूबाईंना घरात सगळे आईच म्हणत. त्यांचा घोडा रांगेत तिसरा, मान खाली घालून चरणारा. आबांनी लग्नात काढला तेव्हा त्यांच्या मनात निवांतपणा होता. चरणारा घोडा म्हणजे आसपास लढाई नाही, घर सुखात आहे, असा त्याचा अर्थ. पण आईंचं म्हणणं, आल्या आल्या खायला लागली असं दिसतं. पन्नास वर्षं त्या हे ऐकवत होत्या आणि तेवढीच वर्षं त्या घोड्याची धूळ स्वतःच्या हातानं पुसत होत्या.

"मला काय विचारता," त्या म्हणाल्या. "कुठलाही काढा. तोंडात गवत देऊ नका म्हणजे झालं."

पडद्याआडून आबांचं खोकणं ऐकू आलं. मग आवाज आला, "मोठ्या सूनबाईंचा घोडा समजावून सांगा त्याला. म्हणजे घरात कुणाला वचकून राहायचं ते कळेल."

जाऊबाईंचा घोडा दोन पायांवर उभा राहिलेला, काळाभोर. आबांनी तो का काढला ते जाऊबाईंनीच मोठ्या अभिमानानं सांगितलं. चित्रातला राजा बुटका असो, पोट सुटलेला असो, लढाईच्या दिवशी सर्दी होऊन घरी पडलेला असो. चित्रकार त्याचा घोडा दोन पायांवर उभा करतो आणि लगाम राजाच्या एकाच हातात नुसता टेकवतो. बघणाऱ्याला वाटतं, एवढं जनावर ज्याला आवरतं त्याला राज्य आवरत असणार. कारखान्याचे सगळे व्यवहार जाऊबाई बघत, गिऱ्हाइकं त्यांना टरकून असत. "फक्त," दादा म्हणाले, "माझ्या बायकोच्या चित्रात राजा दिसत नाही. बहुतेक तो मी असावा आणि खाली पडलो असावा."

सगळे हसत होते. डॉक्टरीणबाईही हसत होत्या, पण त्यांचं लक्ष पडद्याखाली दिसणाऱ्या आबांच्या चपलांकडे होतं. आठ-पंधरा दिवसांपासून त्यांना एक गोष्ट खटकत होती. आबांच्या स्वेटरवर केस सापडले होते. राठ, राखाडी. विचारलं तर आबा म्हणाले, कुंचल्याचे असतील. कुंचल्याचे केस आणि घोड्याच्या शेपटीचे केस डॉक्टरीणबाईंना कळत नाहीत असं समजणारा माणूस एक तर भोळा असतो नाहीतर लबाड. शिवाय चपलांना भुसा लागलेला. आता त्यांनी लिफ्टवाल्याकडे बघितलं, आणि त्यानं चटकन पायाखालच्या लाटांकडे बघायला सुरुवात केली.

"झाली का पंचायत?" आबांनी विचारलं, आणि पडदा ओढला.

* * *

सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

घोडा हवेत होता. राखाडी, तरणा, अंगावर घामाची चमक. चारही पाय पोटाखाली गोळा झालेले, खूर एकमेकांना लागतील की काय इतके जवळ. खाली सावली होती, सावली आणि खुरांच्या मध्ये मोकळी जागा होती. या कारखान्यातून एवढा रेखीव घोडा आजवर बाहेर पडला नव्हता. फक्त तो पळत नव्हता. कुणीतरी पाठीला दोर बांधून वर उचलून धरावा, तसा लटकत होता.

"आबा," दादा शेवटी म्हणाले, "हा कुठे निघालाय?"

आबांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. नव्या माणसाला विचारायचा प्रश्न त्यांनी लिफ्टवाल्याला विचारलाच नाही. ते डॉक्टरीणबाईंकडे वळले. हातातली काठी, जिच्यावर मनगट टेकवून ते हल्ली रंगवत, ती त्यांनी भिंतीला लावून ठेवली.

"तपास," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई उठल्या. तबेल्यात जातात तशाच गेल्या, बाजूनं, हळूच. त्यांनी गुडघे बघितले, घोटे बघितले, मागच्या पायाच्या टाचेवरची ताणलेली शीर बघितली. बघता बघता त्या डाव्या खांद्यापाशी थांबल्या. हा घोडा फोटोवरून काढलेला नव्हता. हा त्यांच्याच तबेल्यातला राखाडी होता, त्याच्या डाव्या खांद्यावरच्या जुन्या वणाचे टाके त्यांनीच घातलेले होते.

मग सगळं बाहेर पडलं. दुपारी डॉक्टरीणबाई दवाखान्यात कुत्र्यामांजरांत अडकलेल्या असायच्या, तेव्हा लिफ्टवाला आबांना स्कूटरवर बसवून तबेल्यात नेत होता. आबा मैदानाच्या कडेला स्टूल टाकून बसायचे, रेघोट्या मारायचे. लिफ्टवाला फाटकाबाहेरून मोबाइलवर धावत्या घोड्यांचं चित्रण करायचा आणि आबा रात्री ते सावकाश सरकवून बघायचे. एकदा राखाडी फाटकापर्यंत आला तेव्हा लिफ्टवाला स्कूटरवर उभा राहिला होता, पण मोबाइल त्यानं सोडला नव्हता. त्याबद्दल आबांनी त्याला तिथल्या तिथे नात देऊन टाकली, म्हणजे दुसऱ्यांदा.

"माझ्या पाठीमागे," आई म्हणाल्या. "आणि मी म्हणतेय स्वेटर एवढा घाण होतो कसा."

"बरोबर आहे का ते सांग," आबा डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "पाय."

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "चारही."

"झालं तर मग. मी हरलो. शेवटचा घोडा तुझ्या मनासारखा काढला. आता मला कुणी चुकीचं म्हणायला नको." ते हे हसून म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनाही दिसत होतं. साठ वर्षं घोडे काढणाऱ्या माणसाला कसं दिसणार नाही?

डॉक्टरीणबाईंना गप्प राहता आलं असतं. सगळं गोडीत मिटलं असतं, सासऱ्यांनी हार मानली होती, सगळ्यांच्या देखत मानली होती. पण खरं बोलायची खोड त्यांना पंचवीस वर्षांपूर्वी होती आणि ती गेली नव्हती.

"पाय बरोबर आहेत," त्या म्हणाल्या, "पण हा पळत नाहीये, आबा."

जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले. दादा पुटपुटले की आता आणखी पंचवीस वर्षं.

"माझा पळतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी तीन वर्षं कुणाला सांगितली नव्हती. तबेल्यात एक तांबडी घोडी होती, पाय मोडलेली. सगळ्यांनी आशा सोडली होती. डॉक्टरीणबाईंनी ती सोडली नाही. आठ महिने पट्ट्या, मालिश, दोरी धरून पावलापावलानं चालवणं. एक दिवस त्यांनी मैदानात नेऊन दोरी सोडली. घोडी उभी राहिली, कान हलवले आणि निघाली ती वाऱ्यावर. "मला प्रत्येक पाय कुठे पडतो ते माहीत होतं. तरी मला ते दिसलं नाही. मला दिसलं ते हे." त्यांनी आपल्या आंधळ्या घोड्याकडे हात केला. "पुढचे पुढे, मागचे मागे, पोट गवताला लागलेलं. मी रडत होते आणि मला हाच घोडा दिसत होता. घरी येऊन तुम्हाला सांगणार होते. पायरीवर तुम्ही भेटलात आणि विचारलंत, आज किती घोडे आपटले? मग नाही सांगितलं."

आबांनी तांबड्याकडे बघितलं, मग राखाडीकडे, मग सुनेकडे.

"तीन वर्षं," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंच तसं."

"आपल्या घरात," आई खुर्चीतून म्हणाल्या, "घोडे सोडून बाकी सगळे अडेलतट्टू आहेत."

मग हसू फुटलं ते आवरेना. त्या हसण्यात लिफ्टवाला पुढे झाला. तो आपल्या घोड्याजवळ गेला, अगदी जवळ, आज पहिल्यांदाच. त्यानं त्या हवेतल्या पायांकडे आणि खालच्या सावलीकडे नीट बघितलं.

"मला आवडला," तो म्हणाला. "तुम्ही सगळे म्हणताय हा पळत नाही. तो पळायला निघालेलाच नाही. तो वर चाललाय."

आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की शिंगरू पुढे आयुष्यभर त्या बघण्याची नक्कल करून दाखवायची. जाऊबाई म्हणाल्या, आला दारात लिफ्टवाल्याचा घोडा. दादांनी विचारलं, कितव्या मजल्यावर? आणि पांढरा हवा, पांढरा नको असे दोन्ही तट त्या राखाडीपुढे एका दमात मोडले.

आता डोळा. आबांनी पुढे केलेला हात सगळ्यांनी बघितला. तो थरथरत होता. अंगावरचा रंग काठीच्या आधारानं, थांबत थांबत भरता येतो. डोळ्याचं तसं नाही. तो उभ्या उभ्या, बिनआधारानं, ओला असतानाच पुरा करावा लागतो, नाहीतर घोडा मेलेला दिसतो.

"माझ्या हातात एकच डोळा उरलाय," आबा म्हणाले. "नेम बघितला तर तो तुझा, जावईबापू."

"मला घाई नाही," लिफ्टवाला म्हणाला. "आमच्या धंद्यात लोक थांबतात."

"थांबू नकोस. शिंगरू, इकडे ये."

शिंगरूनं आजोबांच्या हातातून कुंचला घेतला. ती आयुष्यभर कशाला घाबरली नव्हती, पण आता तिचे ओठ कोरडे पडले होते. तिनं तपकिरी भरला, काळा भरला, श्वास रोखला आणि पांढऱ्याचा एक ठिपका ठेवला. राखाडीनं वर बघितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लिफ्टवाल्यानं मात्र डोळे गच्च मिटले होते, त्याला हलवून सांगावं लागलं की झालं.

मग आबा त्या तांबड्या घोड्यापुढे जाऊन उभे राहिले. डोळ्याच्या जागचा पांढरा ठिपका इतक्या वर्षांत पिवळट पडला होता. त्यांनी कुंचला उचलला, भिंतीजवळ नेला आणि खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली घेतला. चौकटवाला पुढे व्हायला निघाला होता, पण त्याच्या आधी डॉक्टरीणबाई पोहोचल्या.

बुजलेल्या शिंगराचा पाय कसा धरायचा ते त्यांना माहीत होतं. आवळायचा नाही. खालून नुसता तळहात द्यायचा, म्हणजे जनावराला धरल्यासारखं वाटत नाही आणि पडेन असंही वाटत नाही. त्यांनी आबांच्या मनगटाखाली तळहात दिला. हात थरथरायचा काही थांबला नाही, पण त्या थरथरीला तळ मिळाला. तपकिरी झाला. काळा झाला. आबांनी कुंचल्याच्या टोकावर पांढरा घेतला आणि ठेवला.

बाकीचे सगळे जुने घोडे दाराकडे बघत होते. हा एकटा मान न वळवता भिंतीबाहेर बघत होता, बघणाऱ्याकडे. आबांच्या मनात तो डोळा पहिल्या दिवसापासून तसाच होता. आता ते कुणाला सांगावं लागलं नाही.

आबा दोन पावलं मागे आले. आता काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"कसा आहे?" आबांनी विचारलं.

"छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आबा थांबले. "पण?"

"पण काही नाही."

"असं नको करू. इतकी वर्षं मी त्या 'पण'शी भांडत आलोय. तो नाही म्हणालीस तर छान आहे हे मला खरं कसं वाटणार?"

डॉक्टरीणबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि घोड्याकडे बघितलं. घोड्यानं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी त्याला नाकापासून शेपटीपर्यंत नीट तपासलं.

"कान मोठे झालेत," त्या म्हणाल्या. "गाढवाचे वाटतात."

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांना उभं राहवेना, तेव्हा ते रंगाच्या डब्यावर बसले, आई पाठीवर थोपटायला आल्या तर त्याही हसत होत्या. डॉक्टरीणबाईंनी सवयीनं आबांचं मनगट हातात घेतलं आणि नाडी बघू लागल्या. हात अजून थरथरत होता, पण आता तो हसण्यानं.